खांबाची बैठक

कारखान्यात त्याला सगळे खांब म्हणत. बत्तीस वर्षं लेथसमोर उभा राहिलेला माणूस. डबासुद्धा उभ्यानंच खायचा. बायको मात्र रोज सकाळी खिडकीपाशी तासभर ध्यानाला बसे. तो निवृत्त झाला तेव्हा म्हणाली, "आता तरी एक तास माझ्या शेजारी बसा. दुसरं काही मागत नाही."

खांब मांडी घालायला गेला, तर गुडघे हनुवटीला भिडले.

"आधी बैठक वाढवा," ती म्हणाली.

त्यानं ते मनावर घेतलं. आतून कडी लावून रोज शंभर बैठका मारल्या. नवव्या दिवशी गुडघे भोपळ्यासारखे सुजले. कारण कळल्यावर ती हसून हसून भिंतीला टेकली.

"अहो, बैठक म्हणजे बसणं! कुस्तीला निघालात की काय?"

"मग तसं नीट सांगायचं ना!"

पुढे तिनंच त्याला तयार केलं. घोटे फिरवणं, मांड्या सैल करणं, पाठीत बळ यावं म्हणून पालथं पडून छाती उचलणं. बुडाखाली ब्लँकेटच्या चार घड्या. महिन्याला एक कमी. घड्याळ तिच्याकडे.

"किती झाली?"

"बारा मिनिटं. खांबा, हलायचं नाही!"

चाळीस मिनिटांना पोचला आणि तिच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. तो आता तिच्या पलंगाशी बसू लागला. ती उशीवरून मिनिटं सांगायची. एकदा म्हणाली, "तुमचा तास भरेपर्यंत मी कुठं जात नाही."

ती गमतीत बोलली. त्यानं तेही मनावर घेतलं.

रोज पंचावन्न मिनिटं झाली की तो गुडघा धरून उठायचा. "नाही गं जमत. फार कळ येते."

"उद्या जमेल," ती म्हणायची. पुढे पुढे नुसती मान हलवायची. शेवटच्या आठवड्यात तिनं त्याचा हात धरला. "आज बसा ना पुरतं."

तो पंचावन्नाला उठला.

दोन दिवसांनी तिला जमिनीवर ठेवलं, तेव्हा तो शेजारी मांडी घालून बसला. ब्लँकेट नाही, भिंतीचा टेका नाही. माणसं येत होती, जात होती. त्याची पाठ ताठच होती.

मेहुणी वाकून म्हणाली, "भाऊजी, दोन तास झाले. उठा, गुडघे धरतील."

"नाही धरत," तो म्हणाला. "कधीचेच धरत नाहीत."