विहिणीच्या दारावरून दहा किलोमीटर

कानिशायला नाही म्हणता येत नसे. दुर्गुण एवढा एकच, पण बाकीच्या सगळ्या गुणांना पुरून उरणारा. बालवाडीच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं लापशी ढवळून ती निवृत्त झाली, तेव्हा निरोप समारंभाची भांडीसुद्धा तिनेच घासली, कारण कुणीतरी म्हणालं, तेवढं बघता का. काराकोल गावच्या 'जेलायाक' धावक मंडळात ती शिरली तीही याच वाटेने. शाळेत कवायत शिकवणारा कुबात बाजारात सभासद गोळा करत हिंडत होता. त्याने वही पुढे केली, हिने सही ठोकली. कशावर ठोकली ते घरी गेल्यावर कळलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. छप्पन्नाव्या वर्षी ती भीडच कानिशायला पहाटे सहाला मैदानावर घेऊन गेली.

आणि मग भलतंच झालं. तिला ते आवडलं. धावणाऱ्या बाईला कुणी काम सांगत नाही, हा शोध तिला आयुष्यात फार उशिरा लागला होता.

मंडळाचा निळा सदरा मात्र फुकट मिळत नसे. एक शर्यत वेळेत पुरी केली, की मगच सदरा. सप्टेंबरातली शर्यत गावापासून सरोवराच्या धक्क्यापर्यंत होती, दहा किलोमीटर, शंभर मिनिटांच्या आत. कानिशायला तो सदरा हवा होता, आणि धक्क्यावर गळ्यात घालतात ते पितळी पदकही. लग्न, नोकरी, मुलं, सगळं तिने दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून केलं होतं. हे एवढं तिला स्वतःसाठी हवं होतं, आणि इतकं हवं होतं, की रात्री त्याचा विचार आला तर तिची तिलाच लाज वाटे.

शर्यतीच्या दोन दिवस आधी लेकीचा, आयझिरेकचा, फोन आला. ती आईला आपा म्हणे.

"आपा, सासूबाईंना कळलंय."

"काय कळलंय?"

"रविवारी तू येणार ते."

"अगं मी येत नाहीये. मी जातेय. तुमच्या दारावरून."

"तेच सांगितलं मी. तर म्हणाल्या, धावत येऊ दे नाहीतर रांगत, दारापुढे येतेय ना? मेंढी बांधलीये दाराशी. बघ बाई तूच."

आयझिरेकच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि विहीण उरपिया हिच्या घरी कानिशायचं रीतसर पाऊल अजून पडायचं होतं. आधी तिकडे दुखवटा, मग इकडे आजारपण. मुलीची आई पहिल्यांदा दारात आली की मेंढी कापायची, मखमली कोट चढवायचा, आशीर्वाद द्यायचा, आणि मगच सोडायचं. न थांबता पुढे जाणं म्हणजे विहिणीच्या तोंडावर थुंकणंच. त्यात उरपिया नाकावर माशी बसू न देणारी.

रविवारी कानिशाय छातीवर एकशेसतरा नंबर लावून सुटली. बरी धावली. चौपन्न मिनिटांत सहा किलोमीटर झाले आणि विहिणीचं दार आलं. रस्त्यावर गालिचा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या रुमालांतल्या बायकांच्या रांगा. मधोमध हातात पाव घेतलेली उरपिया. तिच्या पलीकडे शर्यत चालूच होती. धावणारे गालिच्याला वळसा घालून जात होते. कुणी परका गडी पाणी प्यायला थांबला होता, तो जेवायलाच बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

"या विहीणबाई," उरपिया म्हणाली. "किती घाम आलाय. चालतच आलात काय इतक्या लांबून? आमच्याकडे गाडी आहे हो, सांगायचं होतं."

"मी शर्यतीत आहे, विहीणबाई."

"असू दे. बसून घ्या."

बसली. दुसरं काय करणार. हातावर पाणी घातलं गेलं. पाव आला, लोणी आलं, मग आला परातीतून मेंढीचा मागचा भाग, मानाच्या बाईला देतात तो. कुबात रस्त्यावरून ओरडत गेला, "एजे, घड्याळ बघा." उरपियाने त्याच्याकडे पाहिलं. "मोठ्या बहिणीला एजे म्हणायचं आणि जेवतानाही हाका मारायच्या. आईबापांनी काय शिकवलं याला?"

पाच मिनिटं गेली. कानिशाय एक घास खाई आणि दोनदा रस्त्याकडे बघे. शेवटी लेकच धावली. एकदा ज्येष्ठाने हात पसरून आशीर्वाद दिला, की पंगत उठते, मग तिथे कुणी बसून राहत नाही. आयझिरेक पंगतीतल्या ज्येष्ठ आजोबांच्या कानाशी लागली. ते आशीर्वादाबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. एकदा सुरू झाले की सात पिढ्यांना घेऊन येत. पण त्यांच्यापुढचं मांसही गार होत होतं, म्हणून त्यांनी तीन पिढ्यांत आवरलं. सगळ्यांनी रीतीप्रमाणे तोंडावरून हात फिरवले. कानिशाय उठली, तोच तिच्या अंगावर जांभळा मखमली कोट चढला, गुडघ्याखाली येणारा, आणि उरलेलं मांस प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या हातात आलं. ते नको म्हणणं म्हणजे पुन्हा तोंडावर थुंकणंच.

चार किलोमीटर ती त्या कोटात धावली. पिशवी मांडीवर आपटत होती. रस्त्यातली तीन कुत्री तिच्या मागे लागली आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच तिचा वेग टिकला. धक्का दिसला तेव्हा अठ्ठ्याण्णव मिनिटं झाली होती. नव्वदीच्या म्हाताऱ्यानेही नाक मुरडलं असतं अशा चालीने, पण तिने रेघ ओलांडली. नव्व्याण्णव मिनिटं.

"नंबर?" टेबलामागचा पंच म्हणाला.

तिने कोट उघडला. आतल्या साध्या सदऱ्यावर टाचण्यांची चार भोकं होती, नंबर नव्हता. मखमलीला टाचण्या लागतील म्हणून कोट चढवण्याच्या गडबडीत उरपियाने तो कागद काढून ठेवला होता.

"नंबर नाही तर मी काय लिहू? मखमली कोट?"

तेवढ्यात मागे गलका झाला. पाहुण्यांची एखादी वस्तू घरात राहणं उरपियाला कसं खपावं? ती मुलाच्या गाडीतून निघाली होती. पोलिसांनी रस्ता अडवला तेव्हा उतरून उरलेली दोनशे पावलं गालोश म्हणतात त्या रबरी जोड्यांत पळत सुटली होती, नंबर दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिने रेघ ओलांडली. पंचाने आकडा वाचला, घड्याळ पाहिलं, एकशेसतरापुढे नव्व्याण्णव मिनिटं चाळीस सेकंद लिहिलं, आणि पदक उरपियाच्या गळ्यात घातलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरपिया लाजली. तिने पदक उलटंसुलटं करून पाहिलं आणि रुमाल सारखा केला.

कुबात जमिनीकडे बघत कानिशायच्या कानाशी आला. "यादीत नाव तुमचंच लागेल, एजे. सदरा मिळेल. पदकाचं जाऊ दे. विहीण आहे."

जाऊ दे. हे दोन शब्द कानिशायने जन्मभर ऐकले होते, आणि दरवेळी जाऊ दिलं होतं. तिने पिशवी कुबातच्या हातात दिली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमचं मी खाल्लं, ल्याले, बांधूनही आणलं. पण ते माझं आहे. द्या."

टाळ्या थांबल्या. कुबातने डोळे मिटले. उरपियाचं तोंड उघडलं. पण रागवायला लागतो तेवढा श्वास तिच्याजवळ उरला नव्हता. मग तिने पदक गळ्यातून काढलं, विहिणीच्या गळ्यात घातलं, धक्क्याच्या कठड्यावर बसली आणि गालोशातला खडा झटकला.

"पुढची कधी असते?" तिने विचारलं.