चाळीस मिनिटं धुतलेल्या काचा

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. नवरा गेल्यावर नवव्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या. सोबतीला राहिलेली नणंद म्हणाली, "वहिनी, अजून थोडे दिवस थांबा की."

"घरात बसून काय करू?" एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. त्यांना रडू आलं नव्हतं. वाईट वाटतंय असंही नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

तिथल्या संशोधक बाई सात महिने एकाच जागी अडकल्या होत्या. जिवाणूचे दोन होताना भिंत बरोबर मधोमध उभी राहते, कारण दोन प्रथिनं या टोकाकडून त्या टोकाकडे सारखी येरझारा घालतात आणि टोकांशी भिंत होऊ देत नाहीत. तीच प्रथिनं काचेवरच्या पातळ तेलकट थरावर सोडली, की आपोआप लाटा उठायला हव्या होत्या. पण थरच जागोजागी फाटायचा.

त्या दिवशी मावशींनी काचा नेहमीसारख्या दहा मिनिटांसाठी ॲसिडात बुडवल्या आणि बेसिनसमोरच्या फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. भानावर आल्या तेव्हा दहाच्या जागी चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी काचा गुपचूप खळबळून वाळत ठेवल्या.

दुपारी संशोधक बाई ओरडल्या, "मावशी, आधी इकडे या!"

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरवे पट्टे एकामागून एक सरकत होते, मध्येच गोल वळत होते.

"कोण ढकलतंय यांना?"

"कुणी नाही. एक थराला चिकटतं, दुसरं त्याला सोडवतं. बस्स."

"जिवंत आहे?"

"नाही हो. आज काचा वेगळ्या धुतल्यात का?"

"ॲसिडात जास्त वेळ राहिल्या. माझं लक्ष नव्हतं. चुकलंच."

"लक्ष नव्हतं ते बरंच झा..." बाईंनी जीभ चावली.

"असू द्या," मावशी म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस ताडून पाहिलं. दहा मिनिटांच्या काचांवर थर फाटायचा, चाळीसच्या काचांवर तो अखंड राहायचा आणि लाटा उठायच्या. बेसिनवर तसा कागद लागला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशींनी नणंदेला सगळं सांगितलं. इतकं सलग त्या कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या.

"मग, आनंद झाला असेल ना?"

मावशींनी जरा विचार केला. "बाईंना झाला," त्या म्हणाल्या. "उद्या साठ काचा हव्यात त्यांना. लवकर जावं लागेल."