कानानं कॅमेरा पारखणारे चाचा

कॅमेरा हातात आला की चाचा तो आधी कानाला लावायचे. डोळ्याला नंतर. लिव्हर ओढायची, आतलं चक्र फिरताना होणारी कर्रर्र ऐकायची, बटण दाबायचं, खट् ऐकायचं आणि मग मान जरा वाकडी करून गिऱ्हाइकाकडं बघायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हे चुकायचं नाही. "आधी ऐकायचं. बघायला सगळा दिवस पडलाय," असं म्हणायचे.

कामशेतला स्टेशनावरून बाजाराकडं आलं की एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर, मागं काचेचं कपाट, भिंतीवर गोल घड्याळ आणि आत रोल धुवायची अंधारी खोली. कॅमेरे दुरुस्त करायचे, जुने विकायचे. विकलेल्या मालात काही कुरकुर निघाली आणि माणूस भांडायला आला, तर चाचा वाद घालत नसत. "असंल. माल जुनाच," एवढंच म्हणायचे आणि कॅमेरा ठेवून घ्यायचे. भांडायला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. अशा माणसाशी भांडण जमत नाही, हे तुम्हीही कुठंतरी अनुभवलं असेल. मी पुष्कळदा अनुभवलं, कारण भांडायला मीच जास्त वेळा गेलोय.

माझी शाळा चौथीपर्यंत. तरुणपणी लोणावळ्याला पॉइंटवर पाहुण्यांचे फोटो काढायचो. मोबाईल आले आणि आम्ही सगळे तिथून उठलो. कुणी भज्यांची गाडी टाकली, कुणी कणसं भाजायला बसला. मी कॅमेरा विकला नाही. पवनेच्या बाजूला गावी आलो, भात लावला आणि फोटोही काढत राहिलो. रोलवरच. मोबाईलवर फोटो निघतो हे मला कुणी सांगू नये. लोण्याची वाटी असली म्हणून कुणी गाय पाळायचं सोडत नाही.

आमच्याकडं भाताची झोडणी झाली की खळ्यावर रास घालतात. झेंडू वाहतात, नारळ फोडतात, घरातली माणसं राशीमागं उभी राहतात आणि मी फोटो काढतो. फोटो झाल्याशिवाय राशीला माप लागत नाही. ही रीत मीच पाडली आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. आसपासच्या वाड्यांत कुठल्याही घरात जा, भिंतीवर राशीचा फोटो दिसेल आणि तो माझा असेल.

एका वर्षी वस्तीवरच्या एका मावशींची रास होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. भावकीशी वाटणी होऊन पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या नावावर शेत झालं होतं. नवं लुगडं नेसून त्या राशीमागं एकट्याच उभ्या राहिल्या. दोन्ही हात कमरेवर. मी म्हणालो, "मावशी, हसा की जरा." तर म्हणाल्या, "हसू कशाला? मालकीण हाय मी हितली."

रंगीत रोल संपायला आणि पुण्याहून धुऊन यायला महिना गेला. तोवर रास मोजून, भरून, भरडून झाली होती. फोटो घेऊन गेलो. मावशींनी तो उंबऱ्यात उजेडाला धरला. बराच वेळ बघितला.

"भात लय झ्याक आलाय," त्या म्हणाल्या. "दाणा न् दाणा मोजून घ्यावा. पन मी कुटं हाय रं ह्यात?"

खरंच होतं. राशीचा दाणा न् दाणा चकचकीत आणि मागं मावशी म्हणजे धुक्यातलं झाड. रास परत घालता येत नाही. तो पहिल्या वर्षीचा दिवस परत उभा करता येत नाही. मी तिथून कसा निघालो ते मलाच माहीत.

आमची कारभारीण घरी म्हणाली, "कवाधरनं सांगतीया, डोळं दाखवा म्हनून. परवा कालवडीला वासरू म्हनून हाक मारत हुता."

"कॅमेरा बिघडलाय," मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी कामशेत गाठलं.

चाचांनी निगेटिव्ह भिंगाखाली धरल्या. एकेक करून सगळ्या बघितल्या. घाई नाही. मग माझ्याकडं बघितलं, तेही तसंच, घाई न करता. मी घड्याळाकडं बघायला लागलो. मग त्यांनी माझा कॅमेरा उचलून कानाला लावला. कर्रर्र. खट्. पुन्हा कर्रर्र. खट्.

"चक्र थकलंय, भाऊ," ते म्हणाले.

"मी म्हनलंच हुतं!"

"आता नवा घ्या. नवा म्हणजे माझ्याकडं जुनाच, पण ह्याच्यापेक्षा नवा. उद्या या, काढून ठेवतो."

परतताना वडापच्या जीपमध्ये मी अगदी खुशीत होतो. अर्ध्या वाटेवर माझी खुशी उतरली. चक्र थकलं, तर रोल पुरता सरकत नाही आणि एका फोटोवर दुसरा चढतो. नवरीच्या डोक्यावर बैल येतो. पण चक्र थकल्यानं माणूस धूसर होत नाही. धूसर होतो तो फोकस चुकला की, आणि फोकस माझ्या कॅमेऱ्यात मीच करायचो. आत बघितलं की मधल्या गोलात चित्राचे दोन तुकडे दिसतात, ते जुळेपर्यंत काच फिरवायची. गेली दोनेक वर्षं मला ते तुकडेच दिसत नव्हते. अंदाजानं फिरवायचो.

म्हणजे चाचा खोटं बोलले होते. आणि चक्राचं हे सगळं ज्ञान मला कुणी दिलं? त्यांनीच, त्याच काउंटरवर! मला एवढंही कळत नाही असं त्यांना वाटलं की काय, ह्याचा राग जास्त, की त्यांना सगळं कळलं ह्याचा, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनं गेलो. चाचांनी काउंटरवर हिरवं मखमली कापड अंथरून तीन कॅमेरे मांडले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बघा. पसंत करा."

आता समोर तीन कॅमेरे मांडले असताना भांडतो कोण? पहिला माझ्याच जातीचा, थोडा तरुण. दुसरा तसाच, पण धातूचा, जडशीळ आणि आत उजेड मोजणारा काटा. तिसरा काळ्या प्लास्टिकचा, बॅटरीवाला. मी दुसरा उचलला. उलटा केला, सुलटा केला, पाठीवर थाप मारली, खालून बघितलं.

"भाऊ, दात नाहीत त्याला," चाचा म्हणाले.

"बैल असो का काय असो, बघून घ्यावं. आन् हे तिसरं खेळनं कशाला मांडलंय?"

"ते फोकस आपलं आपण करतं."

"मग मी काय करू? माझा हात मोडलाय का?"

"नाही हो. हात तर लय भारी आहे तुमचा." एवढंच म्हणाले. डोळ्यांचं नाव नाही काढलं. मी वाट बघत होतो. त्यांनी ते काढलं असतं, तर त्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. राशीचा फोटोही बंद केला असता. मी तसाच आहे.

"जड हाय त्यो नेतो," मी म्हणालो.

"न्या. पण लगेच पसंत आहे म्हणू नका. आठ दिवस वागवा. औताला जुंपून बघितल्याशिवाय घेता का तुम्ही?" असं म्हणून त्यांनी आत काळा-पांढरा रोल भरून दिला.

चाचा स्वतःचा फोटो कुणाला काढू द्यायचे नाहीत. दुकानदारानं काउंटरच्या मागंच राहावं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते माझा जुना कॅमेरा कपाटात ठेवण्याआधी पुन्हा कानाला लावून ऐकत होते, डोळे मिटून. राग थोडा शिल्लक होताच. मी नवा उचलला, काच फिरवली आणि काढला फोटो. चाचांनी डोळे उघडले. "वाया घालवला एक," म्हणाले.

आठ दिवसांनी रोल परत नेला. चाचांनी आतल्या खोलीत धुतला, छापला आणि ओला कागद काउंटरवर पसरला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पहिलाच फोटो त्यांचा. मागचं गोल घड्याळ असं स्वच्छ की किती वाजले ते सांगता यावं. पुढं चाचा म्हणजे पांढरी टोपी आणि धूर.

"घड्याळ छान आलंय," चाचा म्हणाले.

मी खाकरलो. दोन्ही हात मागं बांधले. "चाचा, ह्याचंबी चक्र थकल्यालं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कॅमेरा कानाला लावला. कर्रर्र. खट्. त्याचं चक्र एकदम ठणठणीत होतं, मला काउंटरच्या अलीकडंही ऐकू येत होतं.

"असंल," ते म्हणाले. "माल जुनाच."

त्यांनी चहा सांगितला. चहा आला, प्याला. कप खाली ठेवून मी त्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्याकडं बोट केलं.

"ह्याचं चक्र कसं हाय?"

"ह्याला मोटर आहे. थकायचा प्रश्नच नाही."

"मग आधी का न्हाई सांगितलं? आठ दिस वाया घालवलं माझं."

"चुकलंच," चाचा म्हणाले आणि तो कॅमेरा माझ्या हातात देऊन एकच धडा शिकवला. "हे बघा. ह्या मधल्या चौकोनात माणूस धरायचा. दाणे नाही, माणूस. बटण अर्धं दाबायचं, टिक् वाजेपर्यंत थांबायचं. वाजलं की पूर्ण दाबायचं. तुम्ही फक्त ऐकायचं."

जुना कॅमेरा मी त्यांच्याकडंच ठेवला. मधे एकदा पुण्याचा एक तरुण दुकानात आला होता, केसांची गाठ बांधलेला. हल्ली अशा पोरांना रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय. कपाटातला माझा बघून हटून बसला, हाच पाहिजे. चाचा म्हणाले, "तो विकायचा नाही. चक्र थकलंय त्याचं." मी तिथंच बाकावर बसलो होतो. मी पेपर वर धरला, उलटा की सुलटा ते बघितलं नाही.

पुढच्या झोडणीला मावशींच्या खळ्यावर गेलो. ह्या वर्षी रास मोठी होती. मावशी तशाच उभ्या, हात कमरेवर. मी चौकोनात त्यांचं तोंड धरलं, बटण अर्धं दाबलं. आतून किर्र झालं, मग टिक्. दाबलं. आणखी दोन काढले. भरवसा बसायला वेळ लागतो. ह्या वेळी रोल संपायची वाट बघितली नाही, अर्धाच काढून पुण्याला धुवायला पाठवला.

फोटो दिला तेव्हा मावशींनी पुन्हा उंबऱ्यात उजेडाला धरला. कपाळावरच्या आठ्या, दंडावरचं गोंदण, लुगड्याची किनार, सगळं होतं.

"आले बाई मी औंदा," त्या म्हणाल्या. "पन भाताचं काय केलंस? दानं गेलं की समदं धुक्यात!"

चाचांना हे सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांना इतकं हसताना मी तेवढंच बघितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुपारी दुकानातल्या खुर्चीत डोळा लागला, तो लागलाच. मांडीवर कुणाचातरी कॅमेरा होता. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. घड्याळ अजून तेच आहे.

डोळ्यांचं ऑपरेशन मी पुढं करून घेतलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. मला वाटलं, केलं. आता सगळं लखलखीत दिसतं. कालवड कुठली आणि वासरू कुठलं, तेही सांगतो. तरी राशीला मी मोटरवालाच नेतो. आता जरा मागं सरकून काढतो, म्हणून दाणे आणि माणूस दोन्ही येतात.

गेल्या महिन्यात चाचांची मुलगी घरी आली होती. वराळ्याला असते, शाळेत शिकवते. लहानपणी दुपारभर दुकानात काउंटरखाली बसून अभ्यास करायची. तिनं पिशवीतून माझा जुना कॅमेरा काढला, त्याच हिरव्या मखमलीत गुंडाळलेला.

"आबा, हा अब्बांनी कुणाला विकला नाही. तुमचा आहे, तुम्ही ठेवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्याकडं अब्बांचा एखादा फोटो आहे का? दुकानातला? घरात ओळखपत्रापुरतेच आहेत."

माझ्याकडं एकच होता. ट्रंकेतून काढून दिला. तिनं तो उंबऱ्याकडं नेऊन बघितला. कान, त्याला लावलेला कॅमेरा, टोपी, सगळं ओळखू येत होतं आणि काहीच नीट दिसत नव्हतं. तिचे डोळे भरले. पण तेवढ्यात हसलीही.

"घड्याळ केवढं स्पष्ट आलंय. अब्बा एवढे धूसर का?"

"चक्र थकलं हुतं बाळ, त्या कॅमेऱ्याचं," मी म्हणालो.

ती त्या दुकानात वाढलेली. चक्रानं काय होतं आणि काय होत नाही, हे तिला कुणी सांगायला नको. तिनं माझ्याकडं बघितलं. मग जुना कॅमेरा उचलून कानाला लावला, मान जराशी वाकडी केली आणि लिव्हर ओढली. कर्रर्र. खट्. आमच्या ओसरीवर तो आवाज पार चुलीपर्यंत ऐकू गेला असेल.

"असंल," ती म्हणाली आणि फोटो जपून पिशवीत ठेवला. "माल जुनाच."