पांढऱ्या लॅपटॉपवरचा एक गुरुवार

गुरुवारी दुपारी तीन वाजता ऑफिसातला लॅपटॉप पुन्हा बंद पडला. अंकाचं पहिलं पान अर्धंच लावून झालं होतं. शुक्रवारी सकाळी पानं नागपूरच्या प्रेसला पोचायला हवी होती. प्रकाशक मोहनशेठ खुर्ची सरकवून उठले आणि शेजारच्या टेबलावरच्या पांढऱ्या लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाले, "लावा आता याच्यावर."

गोष्ट २००६ सालची. वर्ध्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचा मी संपादक होतो. लॅपटॉप बंद पडण्याचं कारण व्हायरस. तालुक्याचे वार्ताहर सायबर कॅफेत फोटो पेन ड्राइव्हवर घेत आणि एसटीने पाठवत. फोटोसोबत व्हायरसही येत. मोहनशेठ कापडाचे व्यापारी. त्यांच्या पुण्याच्या जावयाकडे असाच पांढरा लॅपटॉप होता. त्याची सिस्टिमच वेगळी. आमच्याकडचे व्हायरस त्यावर चालत नाहीत, असं जावयाने सांगितलं. मलाही ते पटलं. नागपूरच्या डीलरने तसंच एक मशीन आठ दिवसांच्या ट्रायलवर दिलं. शेठजींनी त्यावर नातवाचे फोटो पाहिले. मी एक इंग्रजी पत्र लिहून पाहिलं. दोघांनीही मशीन पसंत केलं.

रोज त्यावर बसणार होते ते आमचे ऑपरेटर नामदेवराव उइके. त्यांना कोणी विचारलं नाही.

नामदेवराव पन्नाशीचे. पूर्वी कोर्टासमोर मराठी टाइपरायटर घेऊन बसत. कोणतं अक्षर कोणत्या बटनावर, या मांडणीला ले-आउट म्हणतात. त्यांची बोटं टाइपरायटरच्या ले-आउटवर तयार झालेली. जुन्या लॅपटॉपवर आम्ही तोच बसवला होता. पांढऱ्यात मराठी होतं, पण बटनं वेगळी; टाइपरायटरचा ले-आउट त्यावर बसत नव्हता. बुधवारी त्यांनी एक ओळ टाइप केली. त्यातला एकही शब्द वाचता आला नाही.

डीलर म्हणाला, हा ले-आउट येणाऱ्या मुली नागपुरात मिळतात. शेठजी नामदेवरावांसमोरच म्हणाले, "मंग पाहा एखादी."

"शिकतो ना जी," नामदेवराव म्हणाले. "दोन महिने द्या."

"दोन महिने अंक बंद ठेवू का?"

नामदेवरावांच्या घरात पगार तो एकच होता.

म्हणून गुरुवारी ते पांढऱ्या लॅपटॉपसमोर बसले. एकेक अक्षर शोधत होते. तेवढ्यात आष्टीचा फोन आला.

आष्टीचे वार्ताहर गोपाळराव किराणा दुकान चालवत आणि गल्ल्यावरच्या फोनवरून बातमी सांगत. एरवी नामदेवराव रिसीव्हर खांद्यात धरून ती थेट टाइप करत. त्या दिवशी दोन वाक्यांतच ते मागे पडले. गोपाळराव चिडले. शेठजींनी रिसीव्हर हिसकावून घेतला आणि कागद ओढला. दहा मिनिटं ते भराभर लिहीत होते. मग विजयी मुद्रेने त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

बातमी नळयोजनेच्या विहिरीची होती. मजकूर असा होता: 'विहिरीचे काम महिनाभरात सुरू होईल, पाव किलो गूळ, असे सरपंचांनी सभेत सांगितले. विरोधी गटाने यावर चिल्लर नाही असे म्हणत सभात्याग केला.'

मी विचारलं, "शेठजी, हा गूळ कशाचा?"

"तो बोलला ते लिहिलं म्या. काऊन, चुकलं का?"

नामदेवराव बटनांवरून नजर न काढता म्हणाले, "ते गिऱ्हाइकाचं होय जी. गोपाळभाऊ बोलता बोलता वजन करते. आवाज खाली गेला का ती बातमी नाई समजायची."

शेठजींनी कागद परत घेऊन वाचला. मग हसायला लागले. "अन् चिल्लर?"

"ते बी दुकानातलंच. पण सभात्याग खरा असन. दर सभेत करते ते."

शेठजींनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "नवी पोरगी हे कसं ओळखन?"

"ओळखन ना. वर्षभरानं."

जुना लॅपटॉप चार वेळा बंद-चालू करून नामदेवरावांनी संध्याकाळपर्यंत पानं लावली. आष्टीला पुन्हा फोन केला. बातमी सात ओळींची झाली, गुळाशिवाय. सोमवारी पांढरा लॅपटॉप परत गेला. आम्ही जुन्याच सिस्टिमचा नवा लॅपटॉप घेतला. पेन ड्राइव्ह उघडायला एक जुना कॉम्प्युटर वेगळा ठेवला. नागपूरच्या मुलीचा विषय शेठजींनी पुन्हा काढला नाही.

नामदेवरावांनी मात्र डीलरकडून दुसऱ्या ले-आउटचा तक्ता मागून घेतला. नव्या लॅपटॉपवर तो ले-आउटही बसवता येत होता. सोमवारी अंकाचं काम नसे. त्या दिवशी ते तासभर सराव करत. तीन वर्षांनी आम्ही सिस्टिम बदलली, तेव्हा त्यांनी ऑफिसात येऊन चष्मा लावला आणि पान एक लावायला घेतलं. शेठजींना बदल जाणवला तो बिल आल्यावर.

मशीन बदलण्याबद्दल अजूनही लोक सल्ला विचारतात. व्हायरस, किंमत, वजन यांबद्दल मला फारसं सांगता येत नाही. एवढंच सांगतो की नवं मशीन सोमवारी आणावं, आणि दुकानात जाताना टाइप करणाऱ्याला सोबत न्यावं.