सासूबाई आणि नर्मदेचा काठ

चैत्रातल्या एका सकाळी माझ्या हातून सासूबाई हरवल्या.

सासूबाई अकोल्याच्या. आमच्याकडे सुरतला आल्या की पहिल्या दिवशी आराम करतात आणि दुसऱ्या दिवशी मला कामाला लावतात. यंदा त्यांनी उत्तरवाहिनी परिक्रमा काढली. नर्मदा जिथे उत्तरेकडे वळते तिथे एका काठाने चालायचं, होडीने पलीकडे जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. सगळं एका दिवसात! निघताना बायकोने, म्हणजे मनीषाने, एवढंच बजावलं, "आईला नजरेआड करू नका. नाहीतर एकटे घरी येऊ नका."

तासभर चालल्यावर सासूबाईंना पाण्यात पाय बुडवायचे होते. पिशवी आणि मोबाईल माझ्याकडे देऊन त्या खाली उतरल्या. मी झाडामागे टेकलो, बूट सैल केले आणि डोळे जरासे मिटले. (जरासे म्हणजे किती, ते विचारू नका.) उघडले तर काठावर फक्त त्यांच्या चपला! शेजारी पाटी : मगरींपासून सावध राहा.

चपला उचलून हातात घेतल्या. मी पाण्याकडे बघून "आई!" म्हणून ओरडलो. मागून पन्नास बायकांनी "नर्मदे हर!" म्हणून उत्तर दिलं.

एक स्वयंसेवक दिसला. त्याला चपला दाखवून विचारलं, "या मैयाला पाहिलंत का?"

"अहीं तो बधी ज मैया छे!" तो हात जोडून म्हणाला. म्हणजे इथे सगळ्याच मैया!

त्या मागेच राहिल्या असतील म्हणून मी उलटा निघालो. दहा पावलं गेलो नाही तोच एका काकांनी दंड धरला. "अरे भाई, परिक्रमामां पाछा ना फराय!"

"माझी सासू मागे राहिलीय हो!"

"मैया एने लावशे!" मैयाच तिला आणेल, असं म्हणत त्यांनी मला गर्रकन पुढे वळवलं.

मग मी पुढे पळत सुटलो. पण परिक्रमेत पळणाऱ्यालाही उपाशी सोडत नाहीत! पहिल्या मांडवात ताक पाजलं. दुसऱ्यात खिचडी.

"नको हो, माझी सासू..."

"प्रसादनी ना ना पडाय!"

तिसऱ्यात कलिंगड. डोळ्यांत पाणी, तोंडात कलिंगड आणि हातात बाईच्या चपला, असा मी गावोगाव धावत होतो. लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते. (काहींना मी मोठा साधक वाटलो असेन.) मला मात्र दर वळणावर ती पाटी दिसत होती आणि पाटीमागे मनीषा.

होडीच्या घाटावर पोचलो आणि पिशवीतला सासूबाईंचा मोबाईल वाजला. मनीषाच होती!

"तुम्ही? आई कुठाय?"

"आई ना? ही काय, शेजारीच. चहा घेताहेत."

तेवढ्यात घाटावरचा भोंगा खरखरला. "सुरतवाळा जमाई, लीली टोपी, जाडा शरीरना, खोवाई गया छे! एमनां सासु होडी पासे बहु रडे छे!"

हिरव्या टोपीचा, जाड अंगाचा, हरवलेला जावई म्हणजे मीच!

"मला गुजराती येतं," मनीषा म्हणाली.

मी फोन कानाला तसाच धरून होडीकडे धावलो. सासूबाई अनवाणी बसून पदराने डोळे पुसत होत्या. मला बघताच ताडकन उठल्या.

"कुठी गेलते तुम्ही? पाण्यातून वर आली, तं तुम्ही कुठीच नाही! पुढं गेले असान म्हनून मी पयत सुटली, चपलाचंबी भान नाही राह्यलं! जीव उडून गेला ना माहा!"

"अहो, मला वाटलं, तुम्हीच पाण्यात..."

"मले वाटलं, जावई मगरीनं नेला! माह्या पोरीले काय सांगू?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघंही चक्क रडलो. दिवसभर आम्ही एकाच बाईला घाबरत होतो!

माईकवाल्या भाऊंना आता सापडल्याची घोषणा करायची होती. यातलं हरवलं होतं कोण, तेच न कळून त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पण आमांथी खोवायुं कोण हतुं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. फोनमधून आवाज आला, "तेच! लिहून घ्या, तेच!"

आणि मीही मुकाट्याने हात वर केला.