बोलत राहा, थांबू नका

तार वाईला आली तेव्हा मी घाटावर धुणं धूत होते. भाऊ पायऱ्या उतरून आला आणि हातातला कागद चुरगाळत नुसताच उभा राहिला. "काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "ताई, चल. आपल्याला विट्याला जायचंय." त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं विचारलंच नाही. पिळलेलं लुगडं पायरीवर तसंच राहिलं. सर्व्हिस मोटारी बदलत विट्याला पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, लोक तरी किती थांबणार? आता महिना उलटून गेला. परवा वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, 'डॉक्टरांविषयी चार शब्द लिहून द्या.' कप्पाळ माझं! चार शब्द तर ते कित्येकदा सबंध दिवसात माझ्याशी बोलत नसत.

हे विट्याला लोकल बोर्डाच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. सगळा गाव 'डाक्टर' म्हणायचा, म्हणून पाठीमागे मीही डॉक्टरच म्हणायची, समोर 'अहो'. दवाखान्याला लागूनच आमच्या दोन खोल्या. मी वाईची, दाराबाहेर पाऊल टाकलं की कृष्णामाई. लग्न होऊन आले ती अशा उघड्या माळावर. पाणी आडाचं, तेही मचूळ. दिवसभर भणाणता वारा आणि त्या वाऱ्यावर फिनेलचा वास! फिनेल म्हणजे यांचं अत्तर. दवाखान्याची फरशी रोज त्यानं धुतलीच पाहिजे, सुया-चाकू उकळलेच पाहिजेत, आजारी जनावराचं पाण्याचं टाकं वेगळंच पाहिजे. कुणी बैलाची शेपटी पिरगाळली की हा अबोल माणूस असा काही बघायचा की त्याचा हात आपोआप सुटायचा. एका बड्या जमीनदाराची घोडी धनगराच्या शेळीमागे ताटकळलेली मी स्वतः पाहिली आहे. शेळी आडली होती, घोडीला नुसता खोकला होता. जमीनदार चडफडत होता, पण घोडीचा नंबर शेळी मोकळी झाल्यावरच लागला.

दवाखान्याचा खरा शिरस्ता मात्र निराळाच होता. जनावर खोड्यात, म्हणजे त्या लाकडी चौकटीत, उभं केलं की मालकानं त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि त्याच्याशी बोलायचं. मागे डॉक्टर काय करताहेत तिकडे बघायचं नाही. "बोलत राहा, थांबू नका," एवढंच हे सांगत. ओळखीचा आवाज कानावर असला की जनावर भीत नाही आणि टाका नीट पडतो, असं यांचं म्हणणं. आता आमच्याकडचे बाप्ये, त्यांना चारचौघांत बैलाशी बोलायची लाज! शेजारच्या वाडीचा तातोबा पहिल्यांदा आला तो दिवस मला आठवतो. भला दांडगा गडी, मिशा अशा की पोरं भ्यावीत. त्याच्या खिलारी बैलाच्या खांद्याला मोठं गळू झालं होतं.

"काय बोलू, डाक्टर?"

"घरी काय बोलता?"

"घरी? घरी शिव्या देतो की!"

"मग त्याच द्या. पण हळू आवाजात."

तातोबानं बैलाच्या कानाला लागून अशा काही मायेनं शिव्या दिल्या की मला चुलीपुढे हसू आवरेना. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्या खोड्यावर उघडायची ना! बायकोपाशी कधी काढलं नसेल ते हे लोक बैलापाशी काढायचे. कुणाचा पोरगा लढाईवर गेलेला, कुणाचं सख्ख्या भावाशी वाकडं आलेलं. एकदा हाच तातोबा म्हणत होता, "तुजी मालकीन गेली तवाधरनं घरात बोलाया कोन हाय रं? तूच हायस बग. लय दुखतंय व्हय? थांब गड्या, झालंच." माझी भाकरी तव्यावर करपून गेली. जेवायला बसल्यावर मी यांना म्हटलं, "ऐकलंत का तातोबा काय म्हणाला ते?" तर म्हणाले, "मी ऐकत नाही. मी जखम बघतो." झालं, विषय संपला.

'हं', 'बरं' आणि 'असू दे' या तीन शब्दांवर त्यांनी संसार रेटला. अख्ख्या तालुक्याला बोलायला लावणारा माणूस घरात मात्र मुका! एकदा चिडून म्हटलं, "मलाच त्या खोड्यात घाला, म्हणजे तरी कुणी तोंडाशी उभं राहून बोलेल." त्यांनी भुरका मारला आणि म्हणाले, "आमटी छान झालीय." आता यावर माणसानं हसावं की रडावं? मला दागिने नको होते, लुगडी नको होती. या माणसानं एकदा माझ्याशी मनातलं बोलावं, एवढीच भूक होती. आणि एकदा वाईला न्यावं. पण दरवर्षी कृष्णाबाईच्या उत्सवाला जायचं ठरायचं आणि दरवर्षी नेमकी कुठली तरी गाय आडायची.

लढाईच्याच दिवसांत मला विषमज्वर झाला. सांगलीहून डॉक्टर आणले, माणसांचे. तेही म्हणाले, "आता वाट बघायची." एका दुपारी ग्लानीतून जरा जाग आली. डोळे मिटलेलेच होते, पण फिनेलच्या वासावरून कळलं की हे उशाशी बसलेत. घसा खाकरल्याचा आवाज आला.

"रमे."

लग्नानंतर पहिल्यांदा मला नावानं हाक मारली होती. मग थांबत थांबत बोलू लागले, तातोबासारखेच, सुचेल ते. "तुळशीला पाणी घातलं… भात केला, खाली लागला… तातोबाचा बैल औताला जुंपला परवा." मग स्टूल जरा जवळ ओढलं. "वाईला मी तुला मुद्दाम नेलं नाही. रजा मागितली असती तर मिळाली असती. मला वाटायचं, तिथली नदी बघितलीस की तू परत यायची नाहीस. इथं आहे काय? माळ, आणि माझ्यासारखा माणूस… तू भांडी आपटतेस ना, ते मला दवाखान्यात ऐकू येतं. बरं वाटतं. कळतं, की तू आहेस."

घशाला कोरड पडली होती माझ्या. पण पाणी मागितलं असतं तर हा माणूस तांब्या आणायला उठला असता आणि पुन्हा म्हणून तोंड उघडलं नसतं. मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले. पुढे ताप उतरला, अंगात थोडी ताकदही आली, तरी दुपारपुरती मी आजारीच राहत होते! हे यायचे, स्टूल ओढायचे, बोलायचे. असं सुख मी जन्मात भोगलं नव्हतं. शेवटी एकदा मेली शिंक आली आणि सोंग संपलं. "हं. बरं वाटतंय?" एवढं म्हणून हे शेळी बघायला निघून गेले.

फार उशिरा मला एक गोष्ट सुचली. जनावर फाटकातून आत येईतो नुसत्या श्वासावरून त्याचं दुखणं ओळखणारा हा माणूस. बायको झोपलीय की जागी, हे त्याला कळलं नसेल? कळत असणारच. माझे डोळे मिटलेले होते म्हणूनच तर त्यांना बोलता येत होतं… विचारीन कधीतरी, असं मनात ठेवलं होतं. म्हातारपणी दोघं घाटावर बसू, तेव्हा चिडवीन.

यंदा भाच्याच्या मुंजीला त्यांनी आपण होऊन मला वाईला पाठवलं. मोटारीपाशी आले, वळकटी टपावर चढवून दिली आणि म्हणाले, "लवकर ये." माझ्या तोंडून निघून गेलं, "येते हो. नदी काही मला धरून ठेवत नाही." ते चमकले, की हसले? मोटार सुटली, धुरळा उडाला, मला नीट दिसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात खोड्यापाशी काम करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. तातोबा तिथं होता. मी पोचले तेव्हा एवढा थोरला माणूस पोरासारखा रडत होता. "डाक्टरीनबाई, त्यांस्नी येकलं न्हाई जाऊ दिलं. मांडीवर डोकं घिऊन बोलत हुतो. सुचंल त्ये. थांबलो न्हाई बगा." त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पण खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटला. ती जागा माझी होती. एवढी वर्षं साठवलेलं मला किती बोलायचं होतं, आणि मी इथे लुगडी पिळत होते.

आता वाईलाच असते, भावाकडे. दारात कृष्णामाई आहे, गोडं पाणी आहे, आणि मला तहान लागते ती त्या मचूळ पाण्याची. सकाळी जाग लवकर येते, पण मी डोळे उघडत नाही. भावजय दाराशी येऊन म्हणते, "वन्सं, जाग्या आहात ना? चहा निवतोय." मी हूं की चूं करत नाही. ती जाते. मी तशीच पडून राहते, डोळे मिटून. अजून थोडा वेळ… न जाणो, बोलतील.