वेळेत दाबलेलं बटण

चाचा बोलायला लागले की उजवा हात पाठीमागे न्यायचे. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, माणूस ऐटीत आहे. त्या हाताची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली होती. सुप्याच्या आमच्या कारखान्यात ते नव्या कामगारांना शिकवायचे. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर.

एकदा म्हणाले, "भाऊ, एक खेळ बनवा. लाल दिवा लागला की तीन सेकंदात बटन दाबायचं. न्हाई दाबलं तर हात गेला. सोमवारी नवी मानसं येनार. काय चुकायचं ते इथं चुकू द्या."

शनिवारी मी खेळ दाखवला. दिवा लागला. चाचांनी मुद्दाम बटण दाबलं नाही. तीन सेकंद गेले, दहा गेले, पडदा ढिम्म.

"चहा पिऊन यिऊ का? लई शहाणं मशीन हाय तुमचं. मानसासाठी थांबतं."

प्रोग्रॅम बटणाची वाट बघत बसायचा, तोवर घड्याळही थांबायचं. मी घड्याळ वेगळं काढलं. बॅकग्राउंडला ते आपलं मोजत राहील, पुढे बटणाची वाट चालू राहील. संध्याकाळी पुन्हा बोलावलं. दिवा लागला, चाचांनी खटकन दाबलं. तरी तीन सेकंदांनी अक्षरं उमटली : 'हात गेला'. बटण दाबल्यावर घड्याळ बंद करायला मी विसरलो होतो.

मी हसलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी येळेत दाबलं हुतं."

"हो चाचा, माझीच चूक..."

"त्या दिवशी बी दाबलं हुतं. प्रेस थांबला न्हाई. अपघाताच्या कागदावर माजीच चूक लिवली."

मी दुरुस्ती केली. त्यांनी दाबलं. 'हात वाचला'. पुन्हा दाबलं. किती तरी वेळ दाबत राहिले.

सोमवारी मिरजगावची एक बाई पाच वेळा हरली. मॅनेजर वैतागले, "खेळ पुरे, लाइनवर घ्या तिला."

चाचा प्रेससमोर आडवे उभे राहिले. "आज न्हाई. काय लिवायचं ते माज्या नावावर लिवा."

बाई बुधवारी सलग दहा वेळा जिंकली, तेव्हाच ते बाजूला झाले.

गेल्या वर्षी चाचा वारले. जनाजा निघाला तेव्हा ती बाई शिफ्ट सोडून आली होती. जनाज्यात सगळे पुरुषच होते; ती रस्त्यापलीकडे उभी होती. मी खुणेने जवळ बोलावलं. तिने मानेनेच नको म्हटलं, आणि जनाजा वळणाआड जाईपर्यंत दोन्ही हात जोडून तिथेच थांबली.